सोनल, ऑफर लेटरवर सही करण्याआधी

अगं सोनल, दोन्ही ऑफर लेटरं वाचली. आधी मनापासून अभिनंदन! आजकाल एक टेन्युअर-ट्रॅक नोकरी मिळता मिळत नाही आणि तू दोन हातात घेऊन बसली आहेस. आईला कळवलंस ना? नाहीतर मलाच फोन येईल, धाकटीची बातमी मला आधी का नाही सांगितलीस म्हणून.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. ओहायोतलं छोटं खासगी कॉलेज पगार कमी देतंय, पण प्राध्यापकांच्या मुलांना फी माफ म्हणतंय. सरकारी युनिव्हर्सिटी वर्षाला चौदा हजार डॉलर जास्त देतेय, पण मुलांसाठी एक पैसा नाही. अन्वय आत्ता नऊ वर्षांचा. मंदार म्हणतो, डोळे झाकून ओहायो. आणि तू म्हणतेस, ताई, तुझी दोन्ही मुलं यातून गेली, तू सांग.

सांगते. पण डोळे झाकायला मी सांगणार नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की कर. ही सवलत अन्वयची नाही, तुझ्या नोकरीची आहे. तुझ्या पगाराचाच तो एक तुकडा आहे, फक्त तो आज न देता नऊ वर्षांनी देऊ, तेही अटी घालून देऊ, असं कॉलेज म्हणतंय. हे एकदा नीट डोक्यात बसलं की बाकीचे सगळे प्रश्न आपोआप सुचायला लागतात. तोपर्यंत नोकरी कधी लागायला हवी, किती वर्षं टिकायला हवी, मधेच सुटली तर काय, संस्थाच बुडाली तर काय, यातलं काही कुणी विचारत नाही. सगळे 'फी माफ' एवढंच ऐकतात आणि हरखून जातात.

आपण दोघी आईच्या नोकरीवर शिकलो, म्हणून तुला हे सगळं ओळखीचं वाटतं. आठवतंय, जूनमध्ये कॉलेजच्या खिडकीवर ईबीसी, पीटीसी, एसटीसी असे फीमाफीचे वेगवेगळे फॉर्म असायचे? माध्यमिक शिक्षकांच्या पाल्यांसाठी एसटीसी. आईच्या मुख्याध्यापकांची सही, शाळेचा गोल शिक्का, आणि झालं काम. पण तो सरकारचा नियम होता. सातारच्या शाळेतल्या बाईंना जो, तोच नागपूरच्या. इथे प्रत्येक संस्था आपल्या घरची राणी. कॉर्नेलमध्ये कर्मचाऱ्याचं मूल तिथेच शिकलं तर निम्मी फी, दुसऱ्या कॉलेजात गेलं तर तीस टक्क्यांपर्यंत मदत. जॉन्स हॉपकिन्स कुठल्याही कॉलेजची निम्मी फी देतं, पण कमाल मर्यादा हॉपकिन्सच्या स्वतःच्या फीच्या निम्मी. स्टॅनफर्ड पाच वर्षं नोकरी झाली की दुसऱ्या कॉलेजसाठीही स्टॅनफर्डच्या फीच्या निम्म्यापर्यंत देतं. पेन स्टेटमध्ये पंचाहत्तर टक्के सूट. इलिनॉयमध्ये सरकारी युनिव्हर्सिटीत सात वर्षं काढलीस की मूल राज्यातल्या कुठल्याही सरकारी युनिव्हर्सिटीत निम्म्या फीत शिकतं. आणि कॅलिफोर्नियात तर गंमतच. एकाच राज्याच्या दोन व्यवस्था, त्यातली कॅल स्टेट मुलांना फीमाफी देते आणि जिचं नाव जगभर, ती युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया देत नाही. म्हणजे 'अमेरिकेत प्राध्यापकांची मुलं फुकट शिकतात' हे जे पुण्यात सगळ्यांना वाटतं, ते अर्धवट ऐकलेलं आहे.

तुझ्या कॉलेजच्या पत्रात दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या आहेत, त्या आधी सुट्या कर. एक म्हणजे रेमिशन. अन्वय तुझ्याच कॉलेजात शिकला तर फी माफ. त्यात फारशी खोच नाही. प्रवेश त्याला स्वतःच्या बळावर मिळवायचा, तो मिळाला की सवलत ठरलेली. दुसरी गोष्ट म्हणजे एक्स्चेंज. त्याला दुसऱ्या कॉलेजात जायचं असेल तर कॉलेजांची आपापसात देवाणघेवाण. मंदार ज्यावर भाळलाय ते हे दुसरं, आणि नेमकं तेच बेभरवशाचं.

एक्स्चेंजचे गट बरेच आहेत. सगळ्यात मोठा नुसता 'ट्यूशन एक्स्चेंज' म्हणूनच ओळखला जातो. तो १९५४ पासून चालू आहे आणि त्यात शेकडो कॉलेजं आहेत. दुसरा छोट्या स्वतंत्र कॉलेजांच्या परिषदेचा, सीआयसीचा. त्यात प्रत्येक कॉलेजने दरवर्षी निदान तीन नवी बाहेरची मुलं घ्यायचीच असतात. जेझुइट पंथाच्या कॉलेजांचा स्वतःचा 'फॅचेक्स' आहे. आणि तुमच्या भागात ग्रेट लेक्स कॉलेजेस असोसिएशन आहे, ज्यात ओबर्लिन, केनियन, डेनिसन, वूस्टर अशी ओहायोतली बरीच नावं आहेत. तुझं कॉलेज यातल्या कोणत्या गटात आहे, हे पत्रात लिहिलेलंच नाही. ते आधी विचार.

मोठा ट्यूशन एक्स्चेंज चालतो कसा ते सांगते. ही एक प्रकारची भिशी समज, फक्त आपला नंबर लागेलच याची हमी नसलेली. तुमच्या कॉलेजने किती मुलं बाहेर पाठवली आणि बाहेरची किती घेतली, याचा ताळमेळ ठेवावा लागतो. कॉलेज लहान असेल, बाहेरची मुलं तिथे यायला उत्सुक नसतील, तर त्यांना बाहेर पाठवताही फारशी येत नाहीत. मग इथल्या इथेच रांग लागते. कुठे सेवाज्येष्ठता बघतात, कुठे चिठ्ठ्या टाकतात. ही पहिली चाळणी. त्यातून पार पडलं की ज्या कॉलेजात जायचंय त्यांनी जागा द्यायला हवी. तिथे प्रवेश मिळाला म्हणजे एक्स्चेंजची जागा मिळाली असं मुळीच नाही. मागणी असलेली कॉलेजं या जागा मोजक्या ठेवतात आणि हुशार मुलं निवडून घेतात. जागा मिळाली तरी कित्येक कॉलेजं पूर्ण फी माफ न करता ठरावीक रक्कम देतात, वरची तुम्ही भरा.

आमच्या ईशानचं हेच झालं. त्याला इंजिनिअरिंग करायचं होतं आणि आमच्या कॉलेजात ते नाहीच. आमच्या कॅम्पसवरची चाळणी तो पार झाला, त्याला हव्या त्या कॉलेजात प्रवेशही मिळाला, घरी सगळे खूश. एक्स्चेंजचं उत्तर मात्र मागाहून आलं, आणि ते 'नाही' असं होतं. वर त्या कॉलेजची फी आमच्या आवाक्याबाहेर. शेवटी तो आपल्या राज्याच्या युनिव्हर्सिटीत गेला. चार वर्षं आम्ही स्थानिक रहिवाशाची फी भरली, आणि माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीच्या सवलतीचा त्याच्या बाबतीत शून्य उपयोग झाला. तो मजेत शिकला, चांगल्या नोकरीला लागला, तक्रार काहीच नाही. पण तुझ्या हिशेबात हा शून्यही कुठेतरी धरायला हवा ना? आणि अजून एक, 'अर्ली डिसिजन'चा अर्ज भरला की प्रवेश मिळाल्यावर जावंच लागतं. एक्स्चेंजचा निकाल त्यानंतर आला तर हात बांधलेले. तेव्हा ज्या मुलाला एक्स्चेंजवर भिस्त ठेवायची आहे, त्याने अर्ली डिसिजनच्या वाटेला जाण्याआधी त्या कॉलेजला स्पष्ट विचारून घ्यावं.

आता मंदारच्या आवडीचं, आकड्यांचं बघू.

चौदा हजार डॉलर जास्त, त्यातला टॅक्स वजा जाता हातात साधारण दहा धर. अन्वयची पदवी हातात यायला तेरा वर्षं. म्हणजे एक लाख तीस हजार, तेही नुसते कपाटात ठेवले तर. शिवाय निवृत्तीच्या खात्यात संस्था पगाराच्या टक्केवारीने भर घालते, मोठ्या पगारावर तीही मोठी. आता दुसऱ्या पारड्यात काय? कॉलेज बोर्डाच्या आकडेवारीप्रमाणे २०२४-२५ मध्ये खासगी कॉलेजची छापील फी सरासरी ४३,३५० डॉलर होती. चार वर्षांचे पावणेदोन लाखाच्या आसपास. मंदारने हाच आकडा धरलाय, मला माहीत आहे. पण छापील फी भरतं कोण? कॉलेजांच्या अर्थ-अधिकाऱ्यांच्या संघटनेची, नॅकुबोची, दरवर्षीची पाहणी बघ. खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील फीवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात, कुणाला गुणांवर, कुणाला गरजेवर. म्हणजे तुझ्या माफ झालेल्या पावणेदोन लाखांतले निम्मे तर शेजारच्या मुलालाही माफ झाले असते, त्याची आई तिथे शिकवत नसताना. आणि सरकारी युनिव्हर्सिटीवाल्या राज्यात राहिलात तर अन्वयला राज्याच्या रहिवाशाची फी, त्याच वर्षी ती देशभरात सरासरी ११,६१० डॉलर होती. चार वर्षांचे साडेसेहेचाळीस हजारांच्या आतच. खरी तुलना या आकड्याशी करायची, पावणेदोन लाखांशी नाही.

म्हणजे एकाच मुलाचा विचार केला तर ओहायोचं पारडं जड आहे असं मला तरी दिसत नाही. दोन मुलं असतील तर चित्र पालटतं, कारण पगारातला फरक तेवढाच राहतो आणि सवलत दुप्पट होते. दुसऱ्याचा विचार आहे का? मला सांगू नकोस, पण हिशेबात धर.

एक अपवाद मात्र आहे. नाव मोठं असलेली बरीच विद्यापीठं गुणांवर सूट देतच नाहीत, फक्त घरची परिस्थिती बघून देतात, आणि तुमच्यासारख्या दोघे कमावत्या घराला तिथे फारसं काही मिळत नाही. अशा ठिकाणी नोकरी असेल आणि मूल तिथेच प्रवेश मिळवील, तर ती सवलत म्हणजे खणखणीत नाणं. तुझ्यापुढे आत्ता तशी ऑफर नाही, म्हणून यावर लांबण लावत नाही. पण पुढे नोकरी बदलायची वेळ आली तर लक्षात असू दे.

'फी माफ' म्हणजे नेमकं किती माफ, हे आमच्या लेकीचं, रेवाचं, पहिलं बिल आलं तेव्हा आमच्या अविनाशला कळलं. तो बिचारा 'झीरो' बघायच्या तयारीने बसला होता. पोर्टल उघडलं. वरच्या ओळीला ट्यूशन, त्याखाली तेवढीच रक्कम वजा, इथवर छान. त्याच्याखाली हॉस्टेल. मग मेसचा मील प्लॅन, तोही पहिल्या वर्षाच्या मुलांना सगळ्यात मोठाच घ्यावा लागतो. मग टेक्नॉलॉजी फी, अ‍ॅक्टिव्हिटी फी, ओरिएंटेशन फी. आणि शेवटी विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा, चांगला दणदणीत. ती विम्याची ओळ बघून मात्र घाबरू नकोस. अन्वय तुझ्या विम्यात असेलच, तर पोर्टलवर 'वेव्हर' म्हणून एक फॉर्म असतो, मुदतीच्या आत भरला की ती रक्कम निघून जाते. मुदत हुकली की वर्षभराचा विमा गळ्यात. बाकीचं मात्र भरावंच लागतं. हॉस्टेल आणि मेस मिळून वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास किंवा वर सहज जातात. मूल घरी राहिलं तर वाचतात, पण अठरा वर्षांच्या पोराला अमेरिकेत घरी ठेवून कॉलेजला पाठवायचं का, हा तुमचा तिघांचा प्रश्न. मी त्यात पडत नाही.

टॅक्सची भीती मंदारने घातली आहे तुला, ती काढून टाक. पदवीपर्यंतच्या शिक्षणाची अशी सूट तुझ्या उत्पन्नात धरत नाहीत. इन्कम टॅक्स कायद्याचं कलम ११७(डी), १९८४ सालच्या कायद्याने आलेलं. मूल दुसऱ्या कॉलेजात शिकलं तरी ते लागू होतं. २०१७ साली टॅक्सच्या मोठ्या फेरबदलात प्रतिनिधिगृहाने हे कलम काढून टाकायचं ठरवलं होतं, तेव्हा आमच्याकडे प्राध्यापकांपेक्षा पीएचडीची मुलं जास्त हादरली, कारण त्यांची माफ झालेली फीसुद्धा याच कलमाखाली येते. कॅम्पसवर मोर्चे निघाले. शेवटी कायदा झाला तेव्हा ती तरतूद गळून पडली होती आणि कलम वाचलं. मात्र मास्टर्सचं वेगळं बरं का. अन्वयने पदवीनंतर तुझ्याच कॉलेजात मास्टर्स केलं आणि कॉलेजने तीही फी माफ केली, तर ती रक्कम तुझं उत्पन्न म्हणून तुझ्या डब्ल्यू-२ या पगाराच्या दाखल्यावर येईल आणि त्या वर्षी तुझ्या पगारातून टॅक्स जास्त कापला जाईल. मूल शिकतंय आणि आईचा पगार कमी का येतोय, असा घोळ मी दोन-तीन घरांत पाहिलाय.

व्हिसाचं मात्र माझ्यापेक्षा तुला जास्त झोंबणारं आहे. तू एच-१बीवर, अन्वय पुण्यात जन्मलेला, म्हणजे एच-४वर. एच-४ मुलाला सरकारची फेडरल मदत मिळत नाही, ना अनुदान ना कर्ज. संस्थेची सवलत बहुतेक ठिकाणी पासपोर्ट विचारत नाही, तुझं अवलंबून असलेलं मूल आहे का एवढंच विचारते. त्या दृष्टीने ओहायोला एक गुण जास्त. पण एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. अठराव्या वर्षी कॉलेजला गेला तर एकविसावं नेमकं मधेच लागतं. तोपर्यंत ग्रीन कार्ड आलं नाही तर त्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल, आणि सरकारी युनिव्हर्सिटीत रहिवाशाची फी तशीच राहते का, हे राज्याराज्यांत वेगवेगळं आहे. ग्रीन कार्डसाठी भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ची रांग तुला माहीत आहेच. म्हणून दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचार: ग्रीन कार्डचा अर्ज कधी टाकणार, कोणत्या वर्गात टाकणार, आणि वकिलाचा खर्च कुणाचा? प्राध्यापकांसाठी ईबी-१चा जो वर्ग आहे त्याची रांग ईबी-२पेक्षा लहान असते. जी संस्था पहिल्या वर्षातच अर्ज टाकायचं लेखी देईल, तिचं पारडं माझ्या मते फीमाफीपेक्षा जड. हे मी अगदी विचार करून सांगतेय.

आता जरा कडू बोलते, रागावू नकोस.

तू टेन्युअर-ट्रॅकवर आहेस, टेन्युअर्ड नाहीस. सहाव्या वर्षी कायम करण्यासाठी तुझी फाइल जाईल. तेव्हा अन्वय पंधरा वर्षांचा असेल. देव करो आणि सगळं सुरळीत होवो, तुझं काम बघता होईलच, पण 'नाही' आलं तर एक शेवटचं वर्ष देतात आणि निरोप. म्हणजे त्याने कॉलेजचा पहिला अर्ज भरायच्या आधीच सवलत संपलेली असेल, आणि सहा वर्षं कमी पगारावर काम केलेलं असेल ते वेगळंच. आणि टेन्युअर मिळालं तरी कॉलेज टिकायला हवं. तुमच्याच ओहायोत क्लीव्हलंडजवळचं नोट्रडेम कॉलेज २०२४च्या उन्हाळ्याआधी बंद झालं. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातली कॅब्रिनी युनिव्हर्सिटी गेली. आणि फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने तर कहर केला. ३१ मे २०२४ला बातमी फुटली आणि ७ जूनला दाराला कुलूप. तिथल्या प्राध्यापकांच्या टेन्युअरला आणि सवलतीला मग काय अर्थ उरला? २००८च्या मंदीनंतर अमेरिकेत जन्मदर घसरला, ती कमी जन्मलेली पिढी आता कॉलेजच्या वयाला येतेय. अन्वय कॉलेजला जाईल तेव्हा विद्यार्थी कमी पडण्याचा हा ताण ओसरलेला नसेल, वाढलेलाच असेल. छोट्या खासगी कॉलेजांना तो सगळ्यात आधी जाणवतो.

म्हणून सही करण्याआधी त्या कॉलेजची तब्येत बघ. या संस्था ना-नफा असतात, त्यांना दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. गेल्या पाचसहा वर्षांचे काढ. तूट आहे का, विद्यार्थी कमी होत चाललेत का, एंडोमेंटची गंगाजळी खाऊन दिवस ढकलतायत का. तुला आकडे वाचायला मी शिकवायला नको. मंदारला हेच काम दे, तेवढाच त्याचा ओहायोचा उत्साह जमिनीवर येईल.

आणखी एक, या सवलतीने माणसं अडकतात. माझ्याच विभागात एक बाई होत्या. मुलगा नववीत असताना त्यांना दुसरीकडून उत्तम बोलावणं आलं. गेल्या नाहीत. पोराची चार वर्षं होईतो थांबते, म्हणाल्या. मग धाकटी नववीत आली. वाईट वाटायचं, कारण संशोधनाचा त्यांचा सगळ्यात चांगला काळ त्या थांबण्यात गेला. आणि याची दुसरी बाजूही बघ. बॉस्टन कॉलेजात रात्रपाळीला साफसफाई करणाऱ्या एका गृहस्थांची पाचही मुलं तिथूनच पदवीधर झाली, २०१६ साली त्यांची बातमी देशभर गाजली. त्यांच्यासाठी ही सवलत म्हणजे आख्खी पिढी वर उचलली जाणं होतं. प्राध्यापक काय, आपण कुठून तरी पैसे उभे करतोच. खरं सांगू? मला जो राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्याच खोलीत, आपल्याइतकेच वर्ग घेणारे, तात्पुरत्या नेमणुकीवरचे अ‍ॅडजंक्ट असतात, त्यांना बहुतेक ठिकाणी यातलं काहीच मिळत नाही. तिकडे रुजू झालीस की दिसेलच तुला.

आता अन्वयबद्दल. रेवा माझ्याच कॉलेजात शिकली, त्यामुळे हे मी आतून पाहिलंय. जायच्या आधीच आम्ही दोघींनी ठरवलं होतं: मी तिच्या मेसमध्ये पाऊल टाकायचं नाही, तिच्या प्राध्यापकांना तिच्याबद्दल अवाक्षर विचारायचं नाही, आणि तिने माझ्या विभागातला कुठलाही वर्ग घ्यायचा नाही. पहिल्याच सत्रात लायब्ररीतल्या कॉफीच्या रांगेत ती माझ्यापुढे मैत्रिणींबरोबर उभी. मागे वळून म्हणाली, "गुड मॉर्निंग, प्रोफेसर." चेहऱ्यावर एक रेषा हलली नाही. मीही मॉर्निंग म्हटलं आणि माझी कॉफी घेऊन निघाले. रविवारी धुण्याचं गाठोडं घेऊन घरी आली, आमटीभात जेवली, आणि मग पोट धरून हसली. मैत्रिणींना वर्ष संपेपर्यंत पत्ता नव्हता म्हणे.

हे जमायला कायद्याचीही मदत होते. विद्यार्थ्याच्या नोंदी खासगी ठेवायचा १९७४चा कायदा आहे, फेर्पा म्हणतात त्याला. तू तिथे प्राध्यापक आहेस म्हणून सिस्टिममध्ये जाऊन स्वतःच्या मुलाचे मार्क बघितलेस तर तो नियमभंगच समजतात. आपल्याकडे स्टाफरूममध्ये "बाई, तुमच्या मुलाचं गणित कच्चं आहे हं" असं सहज चालायचं, ते इथे चालत नाही, आणि बरंच आहे.

एक मात्र अगदी जपून. 'तुझी फी माफ आहे' हे अन्वयला आत्तापासून ऐकवत राहू नकोस. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी बोलेलच, "तुझं काय बाबा, तुझं शिक्षण फुकट!" त्यांना तू थांबवू शकणार नाहीस. पण घरात ते वाक्य फिरायला लागलं की मुलाला वाटतं, आपल्याला निवड नाहीच, आई जिथे तिथेच जायचं. रेवाला आम्ही दहावी संपेपर्यंत काही सांगितलं नव्हतं. मग एका संध्याकाळी तिघांनी बसून सगळे आकडे तिच्यासमोर मांडले: इथे शिकलीस तर एवढा खर्च, राज्याच्या युनिव्हर्सिटीत एवढा, दूर कुठे गेलीस तर एवढा आणि त्यातलं आम्हाला एवढं झेपेल. तिने तीन महिने विचार केला. इथेच शिकायचं ठरवलं ते तिचं तिने. ईशानने वेगळं ठरवलं, तेही त्याचं त्याने.

तर बाई, एचआरला एक मेल टाक. फोनवर विचारू नकोस, उत्तर लेखी हवं. किती वर्षं नोकरी झाल्यावर सवलत सुरू होते? किती सत्रं मिळते, वयाची मर्यादा काय? उन्हाळ्याच्या सत्राला आणि परदेशातल्या सत्राला लागू आहे का? मूल शिकत असताना मी नोकरी सोडली, आजारी पडले, मेले, तर काय? मेल्याचं विचारायला लाजू नकोस, कित्येक हँडबुकांत त्याचं वेगळं कलम असतं आणि कुटुंबासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. एक्स्चेंजला गेल्या पाच वर्षांत आपल्या कॅम्पसवरून किती जणांनी अर्ज केले आणि किती जणांना जागा मिळाली? हा शेवटचा प्रश्न एचआरला न विचारता त्या कॉलेजच्या 'लिएझाँ ऑफिसर'ला विचार. एक्स्चेंजचं काम बघणारा असा एक माणूस प्रत्येक सभासद कॉलेजात असतो, खरे आकडे त्याच्याकडेच असतात. आणि धोरण बदललं तर आधीपासून असलेल्यांना जुनेच नियम लागू राहतील का, हेही विचार. "हँडबुक बघा" असं उत्तर आलं, तर हँडबुकात पहिल्याच पानावर 'हे नियम संस्था केव्हाही बदलू शकते' असं लिहिलेलं असतं, ते आधी वाच.

ही सगळी उत्तरं बरी आली तरी मी ओहायोला लगेच हो म्हणणार नाही. त्यांना सांग, दुसरीकडे चौदा हजार जास्त देतायत, त्यातले निम्मे तरी भरून काढा. पगार नसेल वाढवता येत तर पहिल्या वर्षी ग्रीन कार्डचा अर्ज आणि लॅबचे पैसे द्या. सही होईपर्यंतच ही ताकद आपल्या हातात असते. आपल्याला मागायची सवय नाही, मला माहीत आहे. पण तुझ्या जागी कुणी गोरा मुलगा असता तर त्याने कालच मागून घेतलं असतं.

उत्तर द्यायची मुदत सोमवारी आहे ना? मग शनिवारी आमच्याकडे जेवायलाच या, तीन तासांचा तर रस्ता. हँडबुकची पीडीएफ आणि ते ९९० आधी पाठवून ठेव, म्हणजे अविनाश वाचून ठेवेल. मी पुरणपोळ्या करणार नाहीये, आधीच सांगते, पण साबुदाण्याचे वडे करीन. अन्वयला वर ईशानच्या खोलीत गेम खेळायला पाठवू आणि आपण चौघं टेबलाशी बसू. मंदारला सांग, कॅल्क्युलेटर घेऊन ये.